नऊ-सहा

समृद्धीच्या वाढदिवसाचा केक कापायला अजून वेळ होता आणि स्वप्नाला चहाची तलफ आली होती, एवढ्याच कारणाने ती खुर्चीवरून उठली. कल्याणच्या त्या मॉलमधला वरच्या मजल्यावरचा गेमझोन म्हणजे पोरांचा कल्ला, खोट्या मोटारींची घरघर आणि कुठूनतरी सारखी वाजणारी एकच धून. तिची भाची अमृता, म्हणजे समृद्धीची आई, सगळ्यांना टोप्या घालत सुटली होती. नको नको म्हणणाऱ्या मोठ्या माणसांचीही सुटका नव्हती, त्यामुळे साठीला टेकलेल्या स्वप्नाच्या डोक्यावरही गुलाबी चकचकीत कागदाचा सुळका रबराने हनुवटीखाली अडकवलेला होता. त्या सुळक्यासकट ती चहा शोधत निघाली. टेडी उचलणाऱ्या पंजाच्या काचपेटीला वळसा घालून, मान हलवणाऱ्या डायनासोरच्या मागून खांबाच्या आडोशाला गेली आणि जागच्या जागी उभी राहिली. खांबामागे एक जुनं, रुंद मशीन होतं. पडद्यावर पाच पत्ते पालथे पडलेले, खाली पाच चौकोनी बटणं, आणि पडद्याच्या वर, काचेवर, कशाला किती मिळणार ह्याची पिवळ्या अक्षरांतली पाटी. तिची नजर तिला न विचारता त्या पाटीवर गेली, आणि पाटीवरच्याही नेमक्या दोन ओळींवर. फुल हाऊसला नऊ. फ्लशला सहा. तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा वाचलं. नऊ, सहा. आणि एकदम हसू वर आलं, इतकं की तोंडावर हात धरावा लागला. मागून अमृताने हाक मारली, ‘मावशी, अगं केक कापतोय, कुठे गेलीस?’ आणि मावशी खांबाला पाठ टेकून, टोपी कलती झालेली, एकटीच हसत उभी होती.

जमलेल्यांपैकी कुणालाही तिला हे समजावता आलं नसतं. हातात केकची ताटली आली, गाणं म्हणून झालं, कुणीतरी तिच्या गालाला क्रीम लावलं, आणि ती आपली मनाने खांबामागेच. तशी गोष्ट साधी होती. गोव्यात मोठ्या हॉटेलांच्या पोटात कॅसिनो असतात, तिथे एका कडेला ही पत्त्यांची मशीनं असतात. मशीन पाच पत्ते देतं, त्यातले हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, टाकलेल्यांच्या जागी नवे येतात. संपला खेळ. समोर माणूस नाही, कुणाची बतावणी ओळखायची नाही. मोठ्या पत्त्यांची, म्हणजे गुलामापासून एक्क्यापर्यंत कुठलीही, जोडी जमली तर लावलेलं परत मिळतं, आणि मग तिथून वर चढत जायचं: तीन सारखे, मग पाचही बदाम किंवा पाचही इस्पिक आले तर फ्लश, त्याच्यावर तीन एकसारखे आणि दोन एकसारखे असं तीन-दोनचं फुल हाऊस. सगळी मशीनं दिसायला जुळ्या बहिणी. पण मालक लोक काचेवरच्या पाटीतल्या दोनच आकड्यांना हळूच कात्री लावतात, आणि खेळणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. फुल हाऊसला लावलेल्याच्या नऊपट आणि फ्लशला सहापट देणारं मशीन असेल, आणि खेळणाऱ्याने एकही पत्ता चुकीचा टाकला नाही, तर ते मशीन माणसाकडून जवळजवळ काहीच घेत नाही. वर कॅसिनोतलं फुकटचं जेवण धरलं तर माणूसच थोडा वरचढ राहतो. असं मशीन स्वप्ना आणि तिचा नवरा रवींद्र दरवर्षी गोव्यात शोधत आले होते. सापडायची ती आठ-पाच, सात-पाच, आणि अलीकडे तर निर्लज्जपणे सहा-पाच. नऊ-सहा त्यांनी नुसतं ऐकलेलं होतं, लोक दूरच्या एखाद्या श्रीमंत नातेवाइकाबद्दल ऐकतात तसं. आणि ते इथे, कल्याणात, पोरांच्या गेमझोनमध्ये, डायनासोरच्या पाठीमागे उभं होतं.

पार्टी पांगत असताना ती काउंटरवर गेली. तिथे शिवानी नावाची पाटी लावलेली बाई तिकिटं मोजून पोरांना पेन्सिली आणि चिकट पाली देत होती. ‘ते खांबामागचं मशीन चालू आहे का हो?’ स्वप्नाने आवाज जमेल तितका बेफिकीर ठेवून विचारलं. ‘कुठलं, पत्त्यांचं?’ शिवानी म्हणाली. ‘चालू आहे ना मॅडम. कार्ड स्वाइप करायचं, जिंकलात तर तिकिटं येतात, तिकिटांवर गिफ्ट. पण कोणी खेळत नाही त्याच्यावर. पोरांना कळत नाय, मोठ्यांना लाज वाटते. रविवारनंतर काढणारेत, तिकडे बोलिंग येतंय.’ स्वप्नाच्या हातात अमृताने दिलेलं कार्ड होतं, त्यात खेळायला पुरेसं शिल्लक होतं, आणि मशीन हाकेच्या अंतरावर होतं. बोटं शिवशिवली. ती परत खांबापर्यंत गेली, पालथ्या पत्त्यांकडे बघितलं, आणि कार्ड पर्समध्ये टाकून बाहेर पडली. आपण असं का केलं ते तिला रिक्षात बसल्यावर कळलं. मशीन शोधणं हे तिचं काम नव्हतंच. ते रवींद्रचं काम होतं.

त्यांच्यातली ही वाटणी वागळे इस्टेटपासूनची. रवींद्र तिथल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत खरेदी खात्यात होता. साधे नटबोल्ट घ्यायचे तरी दारोदार फिरून भाव काढणारा माणूस. ती समोरच्या गाळ्यात, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. तिच्यासमोरून सरकत्या पट्ट्यावर गोळ्यांच्या स्ट्रिपा जायच्या आणि जिच्यात एखादा खळगा रिकामा असेल ती उचलून बाजूला टाकायची, ह्यात तिची तरुणपणाची वर्षं गेली. तिला त्याचा कधी कंटाळा आला नाही, हे ती कुणाला सांगत नसे, कारण लोकांना अशा कामाचा कंटाळा यायलाच हवा असं वाटतं. डोळा आपोआप चालायचा आणि मन मोकळं असायचं. त्या मोकळ्या मनात मग समोरच्या गाळ्यातला खरेदीवाला येऊन बसला, टपरीवर चहा पिताना चहावाल्याशी साखरेच्या भावावरून वाद घालणारा, आणि पुढे तो नवराच झाला. पहिल्यांदा गोव्याला गेली ती दोघं त्याच्या कंपनीच्या सहलीत. बाकीचे समुद्रावर गेले आणि हा बायकोला घेऊन हॉटेलच्या कॅसिनोत ‘फक्त बघायला’ गेला. त्याने मशीनच्या रांगेतून चक्कर मारली, पाट्या वाचल्या आणि तिच्या कानाशी येऊन म्हणाला, ‘स्वप्ना, ह्या सगळ्यांचे भाव वेगवेगळे आहेत.’ इतक्या आनंदाने तो लग्नालाही ‘हो’ म्हणाला नव्हता.

मग ते वेडच लागलं. रवींद्रने कुठून कुठून वाचून सगळं समजून घेतलं, आणि डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात, ती कोथिंबीर निवडत असताना, समोर पाच पत्ते टाकून विचारायला लागला, ‘चार बदाम, आणि राजाची जोडी. काय ठेवशील?’ ‘जोडी.’ ‘आणि जोडी छक्कीची असली तर?’ ‘मग चार बदाम.’ तो स्वतः खेळायला बसला की चुकायचा, कारण त्याला प्रत्येक पानाचा विचार करावासा वाटे. ती विचार करत नसे. पट्ट्यावरून स्ट्रिप सरकल्यासारखे पत्ते समोर यायचे आणि हात आपला आपण चालायचा. तेव्हा ठरून गेलं: तो शोधणार, ती खेळणार. रांगेतून भरभर चालत जायचं, फक्त दोन ओळी बघायच्या, तीन-दोन आणि एकरंगी, बाकी सगळं सगळीकडे सारखंच असतं, हा धडाही त्यानेच तिला दिला. दुपारच्या वेळी जायचे, गर्दी नसते तेव्हा. ती सुती साडी नेसून, खांद्यावर पदर पक्का करून बसायची आणि तो मागे उभा राहायचा, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. शेजारपाजारच्यांना सांगायचं, समुद्र बघायला चाललोय. समुद्र ते बघायचेही, जेवण झाल्यावर, पाच मिनिटं.

तिच्या वडिलांना, देवरामला, हे कळलं असतं तर? हा प्रश्न तिला दरवेळी गोव्याला निघताना पडायचा तसा आज रिक्षातही पडला. विठ्ठलवाडीच्या त्यांच्या चाळीतल्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी, आणि त्यांच्या खाली बसून देवराम मटक्याला शिव्या घालायचा. चाळीतले अर्धे पगार त्या आकड्यांमध्ये गेलेले त्याने बघितले होते. पोरींना पत्ते हातात धरू दिले नाहीत त्याने कधी. पण हाच देवराम भाजीवालीच्या तराजूचा काटा वाकून बघायचा, दांडीखाली चिंचोका चिकटवलाय का ते बोटाने चाचपायचा, आणि तराजू खरा निघाला की इतका खूश व्हायचा की दोन पेंढ्या जास्त घ्यायचा. तिने स्वतःची समजूत अशी घातली होती की आपण काही आकडा लावत नाही, आपण तराजू तपासत फिरतो. ही समजूत वडिलांना पटली असती असं तिला अगदी छातीठोक कधीच म्हणता आलं नाही. तरी आज ते मशीन बघताना आधी रवींद्र आठवला आणि लगेच मागोमाग वाकून काटा बघणारे बाबा आठवले, आणि दोघांनाही बघून ती हसली होती, हे खरं.

घरी रवींद्र सोफ्यावर होता. टीव्हीवर सोन्याचा भाव सांगत होते आणि तो ऐकत होता, सोनं घ्यायचं नसताना. ह्या जानेवारीत ते गोव्याला गेले तेव्हा आठ-पाचची शेवटची रांगही बदललेली निघाली. सगळीकडे सहा-पाच. रवींद्रने ती रांग पुन्हा पुन्हा फिरून बघितली, मग बाहेर येऊन नदीकाठच्या बाकावर बसला आणि म्हणाला, ‘पुरे गं आता. संपलं ते.’ त्यानंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा छान बसला, डॉक्टर म्हणाले पळाल, पण हा माणूस सोफ्यावरून उठेना. आणि दुखत होतं ते तिला वेगळंच. शोधणारा माणूस घरातही शोधत असतो. चहाची पावडर बदलली तर पहिल्या घोटाला ओळखणारा, तिच्या कपाळावरची टिकली नेहमीपेक्षा लहान आहे हे जिन्यात सांगणारा तिचा नवरा, हल्ली समोर काय आहे तेच बघत नव्हता. तिने हॉलला नवे पडदे लावले, चांगले झगझगीत मोरपंखी, आणि पंधरवडा झाला तरी त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पडद्यांचं काही नाही. पण आज पडदे, उद्या आपण, ह्या विचाराने ती एकटी असताना रडलीही होती. तिला गोवा नको होता, जिंकायचं तर काहीच नव्हतं. तिला तिचा बघणारा माणूस परत हवा होता.

तेव्हा सांगायचं नाही, हे तिने चपला काढताकाढताच ठरवलं. सांगितलं तर तो ‘हो का’ म्हणेल, किंवा आणखी वाईट म्हणजे तिचं मन राखायला येईल, आणि दाखवलेल्या वस्तूकडे बघतात तसं बघेल. ते त्याला स्वतःला दिसायला हवं. रांगेतून जाताजाता, मान न वळवता, त्याला दिसायचं तसं. गुपित पोटात घेऊन ती घरभर फिरत राहिली. पोळ्या लाटताना हसू यायचं, फोडणीत मोहरी तडतडली की हसू यायचं. ह्या वयात पोटात असं काहीतरी हुळहुळतं ह्याची थोडी लाजही वाटली. आणि लगेच भीती. नाही दिसलं तर? मशीनपाशी नेलं, आणि तो त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेला, तर मग आशा ठेवायलाही काही राहणार नव्हतं. न नेलं तर निदान तसं कळणार तरी नाही. असं तिचं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं आणि रविवार जवळ येत होता.

‘फिजिओवाली काय म्हणाली?’ तिने शेवटी शुक्रवारी विषय काढला. ‘सपाट जागी चालायचं.’

‘हॉल सपाट आहे.’

‘हॉल टीपॉयपर्यंत आहे.’

‘मग टीपॉयपर्यंत चालतो.’

‘अहो, मॉलमध्ये चला ना. गुळगुळीत फरशी, एसी, मध्ये मध्ये बाकडी. कल्याणची सगळी गुडघेवाली तिकडेच चालतात.’

‘तुला काय माहीत?’

‘समृद्धीच्या वाढदिवसाला गेलेले तेव्हा बघितलं ना मी. एक बाई तर वॉकर घेऊन आलेली.’ हे तिने साफ ठोकून दिलं होतं.

त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, ‘कॉफी घरून घे. तिथली प्यायची तर किडनी विकावी लागेल.’ स्वप्नाने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात मनसोक्त हसून घेतलं.

शनिवारी दुपारी रिक्षा शीळ रस्त्याने निघाली. मेट्रोचे खांब, खड्डे, धूळ, आणि दोन्ही बाजूंना नवीन इमारतींच्या जाहिराती. पूर्वी रवींद्र हे सगळं मोठ्याने वाचायचा. स्विमिंग पूल देतायत आणि पाण्याचं बोला म्हणावं, असली त्याची टीका डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत चालायची आणि रिक्षावालाही तिच्यात सामील व्हायचा. आज तो गुडघ्यावर हात ठेवून समोरच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन बघत होता. स्वप्ना त्याच्याकडे बघत होती आणि तो बघतोय का हे बघत होती, आणि आपण परीक्षा घेणाऱ्या बाईसारख्या झालोय ह्याचा तिला स्वतःचाच राग आला. बिचारा गुडघ्याचं मनावर घेऊन निघालाय आणि आपण सापळा लावून बसलोय. पण रागाच्या खालून ती हुळहूळ काही थांबत नव्हती. मॉलच्या सरकत्या जिन्यावर त्याने तिचा दंड धरला, घट्ट, आणि वर पोचेपर्यंत सोडला नाही. तेवढ्यावरही तिचं समाधान झालं असतं, खरं तर. माणसाला किती थोडं पुरतं आणि तरी तो केवढं मागतो, असं तिच्या मनात आलं, आणि ती मागणारच होती.

वरच्या मजल्यावर एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला ती सहज म्हणावं तशा आवाजात म्हणाली, ‘ह्या गेमझोनमधून जाऊ या का? पलीकडे बाकं आहेत, समृद्धीचे आईबाप बसलेले तिथे.’ तो आत वळला. तिने ठरवल्याप्रमाणे मशीनकडे बघायचं टाळलं. टेडीच्या काचपेटीसमोर थांबून पंजाकडे बघत असल्याचं दाखवलं, आणि काचेत मागचं सगळं दिसत होतं तिकडे डोळे लावले. डायनासोरने मान हलवली. रवींद्र हळूहळू डायनासोरच्या बाजूने आला, खांबापाशी पोचला, मशीनच्या अगदी समोरून गेला. आणि गेला. थांबला नाही, मान वळवली नाही, पावलाची लय बदलली नाही. पलीकडच्या बाकावर जाऊन बसला आणि गुडघा चोळायला लागला. स्वप्नाचा हात काचेवर होता, तो तसाच राहिला. आत एक लाल टेडी पालथा पडलेला होता. आजूबाजूला पोरं किंचाळत होती, धून वाजत होती, आणि तिच्या कानात मात्र भयंकर शांतता झाली. तिला वाईट वाटलं, मुकाट्याने वाईट वाटलं, आणि लगेच तिने स्वतःला दटावलं की माणूस चालता-बोलता आहे, दंड धरतो, कॉफी मागतो, ह्याहून जास्त काय असतं. कोणाचे डोळे कायम तसे राहतात? आपलेही उद्या राहणार नाहीत. हे तिला पटत होतं, तरी वाईट वाटायचं थांबलं नाही.

‘कॉफी दे की,’ तो म्हणाला. थर्मास खाली सुरक्षारक्षकाने ठेवून घेतला होता. ‘पाणी आणते मग,’ ती म्हणाली, कारण तिला जरा तोंड फिरवायला जागा हवी होती. काउंटरवर शिवानी होती, तिने ओळखून मान डोलावली. स्वप्नाने पाण्याची बाटली घेतली, थोडं पाणी हातावर घेऊन डोळ्यांना लावलं, आणि परत आली. बाक रिकामं होतं.

रवींद्र खांबामागे उभा होता. एक हात मशीनच्या डोक्यावर टेकवलेला, सगळा भार त्या हातावर आणि चांगल्या पायावर, बदललेला गुडघा किंचित वाकवून. पूर्वीसारखा तो दोन ओळी बघून पुढे सरकला नव्हता. त्या गुडघ्याने त्याला पूर्वीसारखं भरभर सरकता येत नव्हतं, म्हणून तो तिथेच उभा राहून सगळी काच वाचत होता, वरपासून, ओळ न् ओळ, ओठ हलवत. ती डायनासोरपाशी थांबली. जवळ जायची हिंमत होईना. बाटलीचं गार पाणी हाताला लागत होतं. मग तो वळला. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. भुवया चढलेल्या होत्या. एखाद्याचं कोटेशन परत पाठवताना चढायच्या तशाच.

‘तू हे बघितलंस?’

‘काय?’ ती म्हणाली.

‘नऊ-सहा आहे.’

‘हो?’

‘हो काय, हो? इकडे ये. शेवटची ओळ वाच.’

तिने चष्मा वर सरकवला आणि वाकून वाचलं. सगळ्यात खाली, काचेच्या कडेला, जोडीची ओळ होती. जोडीला पैसे परत, हे तर सगळीकडे असतं. म्हणून तर त्या ओळीकडे कुणी बघत नाही. पण इथे लिहिलं होतं की जोडी राजाची किंवा एक्क्याची हवी. गुलामाच्या जोडीला काही नाही. राणीच्या जोडीला काही नाही. तिने पुन्हा वाचलं. आठवडाभर जे पोटात घेऊन ती फिरली, पोळ्या लाटताना हसली, ते तिचं नऊ-सहा तिच्या डोळ्यांदेखत गळून पडलं.

‘वर नऊ-सहा दाखवायचं आणि खालून अर्ध्या जोड्या काढून घ्यायच्या,’ रवींद्र म्हणाला. त्याचा आवाज भरभर चालायला लागला होता. ‘खेळात सगळ्यात जास्त येतं काय? जोडी. त्यातल्या गुलाम-राणी गेल्या म्हणजे झालं ना. सहा-पाच परवडलं ह्याच्यापेक्षा. ते निदान तोंडावर लुटतं. हे ज्याने बनवलं ना स्वप्ना, तो माणूस आमच्या खरेदी खात्यात असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.’ मग तो थांबला आणि तिच्याकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, आत्ताच ती काच वाचली तसं. ‘मला आणायच्या आधी पूर्ण वाचायचीस तरी.’

‘मी कुठे आणलं? आपण तर चालायला...’

‘सकाळी माझा चष्मा पुसून दिलास. साबण लावून. इतक्या वर्षांत कधी पुसला नाहीस. आणि मघाशी त्या टेडीच्या काचेतून बघत होतीस मी थांबतो का ते. म्हटलं बघू तरी, बाईने एवढं काय लपवलंय इथे.’

‘म्हणजे तुम्ही मुद्दाम पुढे गेलात?’

‘गेलो. तुझा चेहरा बघायचा होता.’ मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, ‘फार उतरला. नको होतं करायला.’

स्वप्ना हसायला लागली. आधी नुसते खांदे हलत होते, मग तिला खांब धरावा लागला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला त्यातलं कुठलं कशाचं हे वेगळं करावंसं वाटेना. ती चुकली होती, चांगली ठळक चुकली होती, आणि कुणीतरी ती चूक ओळीवर बोट ठेवून दाखवली होती. आयुष्यात तिला इतकं बरं क्वचितच वाटलं होतं. रवींद्रही हसत होता, पण त्याचं अर्धं लक्ष मशीनकडेच होतं. त्याने वाकून मशीनच्या मागे डोकावलं, कडेच्या पत्र्यावरचा क्रमांक बोटाने पुसून वाचला, आणि काउंटरच्या दिशेने हात वर केला.

‘ओ मॅडम, हे मशीन एकटंच आलेलं का?’

‘नाही ओ सर,’ शिवानी तिथूनच म्हणाली. ‘लॉट होता ना. तीन-चार अजून आलेली. ती कोलशेतच्या ब्रँचला नेली.’

‘बघ. मला माहीतच होतं. असला माल कधी एकटा येत नाही, आणि लॉटमध्ये सगळा माल सारखा कधी नसतो.’ तो तिच्याकडे वळला. ‘इथून कोलशेतला रिक्षा येईल का गं?’

‘आत्ता? गुडघ्याचं काय?’

‘गुडघा काय म्हणतोय? बरा आहे. चल.’

‘बरं, चला,’ ती पदराने डोळे पुसत म्हणाली. ‘पण ह्या वेळी मी पाटी अख्खी वाचणार. पार शेवटच्या ओळीपर्यंत.’

‘तू नको,’ रवींद्र म्हणाला आणि चालायलाही लागला. ‘वाचायचं मी बघतो. तू खेळ.’